पुरुषांत शेवटचा, बायकांत पहिली

शहापूर
२८ सप्टेंबर २००३

चि. ज्योत्सना हिले सत्यभामा आत्याकडून प्रभूच्या नावानं सलाम आन आशीर्वाद.

मी चवथीवरच शाळा सोडली, तवा माह्या अक्षराले हसू नोको. आमच्या शांतवनसंग तुहं लगन जमलं, कापनीच्या सनानंतर देवळात साऱ्यांसमोर लगनाची पुकार लागनार, मनून तुले पयले सांगून राहिली. उद्या तू म्हनशीन, आत्यानं लपवलं.

दोन महिने झाले, पोरानं प्रभुभोजनाची भाकर आन द्राक्षरसाचा प्याला घेतला नाई. पयले पेटी वाजवाले समोर बसे, आता मांगच्या बाकावर जाऊन बसते. प्याला घ्याले सारे मानसं उठले का हा खाली मान घालते. देवळाच्या पंचातल्या डोमाजीनं मले इचारलं, "बाई, तुमच्या पोराचं कोनासंग भांडन हाय का? का पोटात काई पाप हाय?" मले मेल्यावानी झालं. आपल्यात प्याला कोन टाळते ते तुले मालूम हाय. ज्याच्या मनात खोट, तोच टाळते.

रंग काळा पडला. दारू म्हनाव तं वास नाई. घरात त्यानं आपलं येगळं ताट केलं, येगळा गिलास केला. मी वाढलं का ताट घेऊन आंगनात जाते. मायबाप गेले तवा चार वर्साचा होता, तवापासून मी त्याले माह्या ताटात जेवू घातलं. आता त्याले माह्या हातची घिन येते वाटते.

राईस मिलमंदी कोनी पोरगी भेटली का काय, ते तू इचार. मले तं "काई नाई आत्या" म्हनते आन उठून जाते. मी इथं दोन बायांपाशी बोलली, राहवलं नाई मनून.

सत्यभामा


अड्याळ
५ ऑक्टोबर २००३

प्रिय शांतवन,

लग्नापर्यंत तुला 'तू' म्हणायचं आणि नंतर 'तुम्ही', असं मी आत्याबाईंना कबूल केलं आहे. तेव्हा उरलेल्या दिवसांत जेवढं 'तू' म्हणता येईल तेवढं म्हणून घेते. तू, तू, तू. तीन आठवडे पत्र का नाही?

फोन करायचा विचार होता. पण तुमच्या चौकातला टिकाराम बूथवाला काचेला कान लावून उभा असतो. मागच्या वेळी मी तुला काय म्हणाले ते दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनीच मला सांगितलं होतं. म्हणून हे कागदावर.

इकडे बालवाडी ठीक चालली आहे. बाजारातून आपल्या घरासाठी सहा स्टीलची ताटं घेतली. भांड्यावर नाव घालणारे भय्याजी विचारत होते, "तुमच्या लोकायत बाईचं नाव पयले टाकते का मानसाचं?" मी म्हटलं, माणसाचं टाका, नाहीतर त्याची आत्या ताटं परत पाठवेल. सहाही ताटांच्या काठावर आपली दोघांची नावं आहेत.

आता मुद्द्याचं. आत्याबाईंचं पत्र आलं आहे. मला आडून विचारता येत नाही, सरळ विचारते. तू प्याला का घेत नाहीस? पेटी का सोडलीस? त्या म्हणतात, दुसरी कुणी आहे. मला ते खरं वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी तरुण संघाच्या शिबिरात माझ्याशी पहिलं वाक्य बोलायला तुला चार दिवस लागले होते. एवढ्यात दुसरीशी बोलून झालं असेल असं वाटत नाही.

हसत लिहिते आहे, पण मी काळजीत आहे. उत्तर दे.

तुझी
ज्योत्सना


शहापूर
१४ ऑक्टोबर २००३

प्रिय ज्योत्सना,

सलाम. पत्र मिळालं. उशीर झाला, माफ कर.

मिलमध्ये डाव्या हाताला भाजलं होतं. म्हणून पेटी बंद आहे. तब्येत तशी ठीक.

मी पाळकसाहेबांना भेटलो आणि पुकार लावू नका असं सांगितलं. तुझ्या बाबांना ते कळवतीलच, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. दुसरी कुणी नाही. तुझ्यात काही कमी नाही. कमी माझ्यात आहे. कारण विचारू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

ताटं तुझ्याकडेच असू देत.

शांतवन


अड्याळ
२० ऑक्टोबर २००३

शांतवन,

ताटं माझ्याकडे असू देत म्हणजे काय? त्यांवर तुझं नाव आहे. मी भय्याजींकडे जाऊन आले. नाव काढून देता का विचारलं. ते म्हणाले, "बाई, घासून घासून ताटाले भोक पडन, पन नाव नाई जानार." तेव्हा ताटांचा प्रश्न मिटला.

बाबांना पाळकसाहेबांचं पत्र आलं. आई दोन दिवस जेवली नाही. बाबा एवढंच म्हणाले, "मुलगा तसा वाटला नव्हता." मी तुझी बाजू घ्यायला गेले आणि घेता येईना, कारण मला तुझी बाजू माहीतच नाही. चार ओळींत तू मला मोडून टाकलंस आणि वर कारण विचारू नकोस म्हणतोस.

मी विचारणार. तू चोरी केली असशील तर सांग. दारू पीत असशील तर सांग. प्रभूवरचा विश्वास उडाला असेल तर तेही सांग, मी ओरडणार नाही. पण मला न सांगता तू माझ्यासाठी निर्णय घेतलास, त्याचा मला फार राग आला आहे. माझ्या आयुष्याचं अर्धं मत तरी मला दे.

नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाट पाहीन. मग एस.टी.त बसून तिथे येईन आणि मिलच्या फाटकात उभी राहीन. टिकारामलाही बोलावीन.

ज्योत्सना


शहापूर
९ नोव्हेंबर २००३

प्रिय ज्योत्सना,

तू फाटकात उभी राहशील याची मला खात्री आहे, म्हणून लिहितो. पण केवळ म्हणून नाही. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

जुलैत मिलच्या बॉयलरच्या नळीला माझा हात टेकला. काहीतरी जळल्याचा वास आला आणि मी इकडेतिकडे बघू लागलो, पोत्याला आग लागली की काय. शेजारून मोतीलाल ओरडला, "अबे, तुहा हात जळून राहिला!" माझाच हात होता, आणि मला कळलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि पेनच्या टोकानं हाताला शिवत गेले. कुठे शिवलं ते मला सांगता आलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकू लागलं होतं, ते मी कामाचा ताण समजत होतो. मला कुष्ठरोग आहे, ज्योत्सना. बारा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. रंग काळा पडला तो त्या गोळ्यांनी.

डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या, आता तुझ्यापासून कुणाला काही होत नाही. घरात वेगळं राहू नको, लग्न ठरलं असेल तर कर. मी मान हलवली. घरी येताना वेगळं ताट विकत घेतलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आपल्याकडे आधी पुरुष, मग बायका, आणि प्याला एकच. मी उठणार तेवढ्यात मनात आलं, माझ्या ओठांनंतर हा डोमाजींच्या ओठांना लागणार, मग आत्याच्या. बायकांत पहिली तीच असते. डॉक्टरांचं सगळं बोलणं आठवत होतं, तरी पाय उचलेनात. बसून राहिलो. पुढच्या महिन्यात बसून राहणं सोपं गेलं. लोकांनी पाप आहे असं ठरवलं, ते मी ठरवू दिलं. रोगापेक्षा पाप बरं वाटलं.

तू विश्वासाचं विचारलंस. प्रभूनं एका कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकली, तिच्यावरची गीतं पेटीवर वाजवली. पण दर वेळी मी स्वतःला बघ्यांच्या गर्दीत उभं करत होतो. तो माणूस मी आहे असं कधी धरलं नव्हतं. आता प्रार्थनेला बसलो की तोंडातून शब्द येत नाही. रागावलो आहे की लाजलो आहे, तेही कळत नाही.

आत्याला माहीत नाही. तू मोकळी आहेस. मला तुझी फार आठवण येते, हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

शांतवन


अड्याळ
१ डिसेंबर २००३

प्रिय शांतवन,

तुझं पत्र वाचून मी पहिलं काय केलं ते सांगते. हात धुतले. साबणानं, दोनदा. मग ताटांची पेटी पलंगाखाली ढकलली. मोठ्या तोंडानं तुला म्हणाले होते, काहीही असेल तर सांग. आणि तू सांगितल्यावर तीन आठवडे मला लेखणी उचलता आली नाही. तो राग नव्हता, भीती होती. मला माझीच लाज वाटते.

शेवटी उपकेंद्रातल्या वच्छला सिस्टरकडे गेले. मैत्रिणीच्या होणाऱ्या नवऱ्याचं विचारते आहे असं म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "मैत्रीण तूच आहेस ना? बस इथं." मग म्हणाल्या, "बारा वर्षं झाले, मी ह्या गोळ्या वाटून राहिली. पेशंटच्या घरी चहा पितो, त्यायचे लेकरं मांडीवर घेतो. मले काय झालं? त्याच्या गोळ्या चालू हाय ना, मंग तू कायले भेऊन राहिली?" मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि नंतर त्याच हातांनी मला चहा दिला. तो पिताना मला तुझी आत्या आठवली, अंगणातला तू आठवलास.

भीती पार गेली असं खोटं लिहीत नाही. थोडी आहे. पण तू नसलेल्या घरात मला जगावं लागेल, या विचाराची भीती तिच्याहून कितीतरी मोठी आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी आजवर थट्टेतच म्हटलं, आता सरळ म्हणते.

आता माझं ऐक. ४ जानेवारीला प्रभुभोजन आहे. तू पुरुषांत शेवटचा उभा राहा. मी आदल्या दिवशी सुट्टी काढून सकाळच्या एस.टी.नं येते. आत्याबाईंचा पहिला नंबर एका दिवसापुरता मागून घेईन. त्या रागावतील, रागावू देत. तू पुरुषांत शेवटचा आणि मी बायकांत पहिली. मध्ये कुणी नाही. तुझ्यानंतर प्याल्याला माझेच ओठ लागतील.

प्रार्थना येत नसेल तर राहू दे. तुझ्या वाटची मी करते आहे.

तुझीच
ज्योत्सना


शहापूर
१६ डिसेंबर २००३

प्रिय ज्योत्सना,

तुझं पत्र मिलमध्ये वाचलं आणि बॉयलरमागे जाऊन उभा राहिलो. मोतीलालला वाटलं पुन्हा भाजलं.

मी येईन. पण एक अट आहे. तुझ्यानंतर अजून तीस-चाळीस बायका आहेत. त्यांना काही न सांगता प्याला पुढे गेला तर ती फसवणूक होईल. म्हणून मी आधी उभा राहून सगळ्यांना सांगणार. मग ज्यांना घ्यायचं ते घेतील, ज्यांना नाही ते बसतील. कुणीच उठलं नाही तरी तू उठशील, एवढ्यावर माझं धाडस आहे. तुला जड वाटत असेल तर आत्ताच कळव.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मग माझा डावा हात हातात घेऊन त्यांनी प्रार्थना केली. कुणी माझा हात धरल्याला पाच महिने झाले होते.

आत्याला सांगायला दोनदा गेलो. एकदा ती तांदूळ निवडत होती, एकदा शेजारच्या शकुनबाई बसल्या होत्या. खरं म्हणजे दोन्ही वेळा मलाच धीर झाला नाही.

तुझी वाट पाहतो.

शांतवन


शहापूर
५ जानेवारी २००४

प्रिय ज्योत्सना,

काल तू आली नाहीस.

शनिवारच्या गाडीत तू नव्हतीस. रविवारी साडेनऊची एस.टी. आली, थांबली, गेली. मी देवळाच्या दारातून बघत होतो. मग घंटा झाली आणि आत जावं लागलं. एकदा वाटलं, आज नको. पण पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी उभा राहिलो.

काय बोललो ते नीट आठवत नाही. रोगाचं नाव घेतलं, गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. प्याला का टाळत होतो ते सांगितलं. आत्याकडे पाहायची हिंमत झाली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, तिनं पदर तोंडाला लावला होता.

पुरुष गेले. डोमाजी गेले. शेवटी मी. प्याला दोन्ही हातांनी धरला, वाकलेली बोटं सगळ्यांना दिसली असतील. मी प्यालो. पाळकसाहेबांनी प्याला घेतला आणि बायकांच्या बाजूला वळले. कुणी उठलं नाही. तुझी जागा रिकामी होती. मी मान खाली घालून परत निघालो, आणि मनात म्हटलं, प्रभू, एवढंच होतं तर मला कशाला उठवलंस? पाच महिन्यांतली माझी ती पहिली प्रार्थना.

तेवढ्यात बाक वाजला. आत्या उठली होती. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, बाकाला धरत धरत आली. मी वाट द्यायला बाजूला झालो तर माझ्या खांद्याचा आधार घेऊन पुढे गेली. पाळकसाहेब दर माणसामागे पांढऱ्या फडक्यानं प्याल्याची कड पुसतात, तसं त्यांनी फडकं उचललं. आत्यानं त्यांचा हात धरला.

"पुसू नोका, साहेब. द्या तसाच."

सगळ्या देवळाला ऐकू गेलं. आणि ती प्याली. मग मागे वळून बायकांकडे पाहत उभी राहिली. शकुनबाई उठल्या. त्यांच्यामागे आणखी. चार-पाच जणी शेवटपर्यंत बसून राहिल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. मीही पाच महिने बसलोच होतो.

घरी आल्यावर माझं ताट घ्यायला गेलो तर ते आत्याच्या मांडीवर. म्हणाली, "मले सांगता नाई आलं तुले? मी समजली, माह्या हातची घिन येते." मी म्हटलं, "आत्या, तुले होऊ नये म्हणून." "आन मी गावभर सांगत सुटली का पोराच्या पोटात पाप हाय," ती म्हणाली, आणि रडू लागली. मीही रडलो. मग तिनं भात वाढला, तिच्याच ताटात, आणि मला समोर बसवलं.

दुपारी पेटी उघडली. सूर उजव्या हातानं धरायचे असतात, डाव्यानं फक्त भाता मारायचा. त्याला सरळ बोटं लागत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला पाच महिन्यांत सुचली नव्हती.

तू का आली नाहीस ते विचारत नाही. भीती वाटली असेल तर त्यात दोष नाही. तू म्हणाली नसतीस तर मी उभाच राहिलो नसतो, हे मात्र विसरू नकोस. पुढचं तुझ्यावर सोडतो.

शांतवन


अड्याळ
१० जानेवारी २००४

प्रिय शांतवन,

भीती कसली वाटणार! मी हिवतापानं अंथरुणात होते. दोन तारखेपासून ताप, अंगावर तीन गोधड्या, आणि तरी शनिवारी उठून पिशवी भरली तर दारातच चक्कर येऊन पडले. वच्छला सिस्टरनं दम देऊन झोपवलं. बाबांनी टिकारामच्या बूथवर फोन करून तुझ्यासाठी निरोप ठेवला होता. ज्या माणसाला साऱ्या शहापूरचं काचेतून ऐकू येतं, तो हा एवढा एकच निरोप विसरला. त्याला मी बघून घेईन.

रविवारी सकाळी दहा वाजता मी अंथरुणात उठून बसले. आता तो उभा राहिला असेल, आता मागे वळून बघत असेल, असं मनात येत होतं. आई विचारत होती, काहून रडतेस, ताप वाढला काय? मग तिला आणि बाबांना सगळं सांगितलं, तुझी पत्रं वाचायला दिली. बाबा अंगणात जाऊन आले आणि म्हणाले, "मुलगा तसा वाटला नव्हता, म्हटलं होतं मी. खरंच नाहीये तसा."

तुझं पत्र वाचून आधी मला काय वाटलं सांगू? आत्याबाईंचा हेवा वाटला. ती जागा माझी होती. मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि कळलं की मी आले असते तर त्यांना उठायची संधीच मिळाली नसती. मी आधीच उठून उभी असते आणि सगळे म्हणाले असते, तिचं काय, ती तर त्याचीच आहे. प्रभूला हे माहीत असावं, म्हणून त्यानं मला ताप दिला. फक्त जरा कमी दिला असता तरी चाललं असतं.

आता कामाचं. १ फेब्रुवारीला येते. आत्याबाईंना सांग, पहिला नंबर त्यांचाच. मी त्यांच्या मागे. पाळकसाहेबांना सांग, बाबांची हरकत नाही, पुकार लावा. गोळ्या जुलैपर्यंत आहेत, एक दिवस चुकवलास तर वच्छला सिस्टरना तिकडे पाठवीन.

ताटांची पेटी पलंगाखालून काढली. सहाही धुऊन ठेवली आहेत. पाच आत्याबाईंना आणि पाहुण्यांना होतील. तुझं ते वेगळं ताट मोडीत दे. आपल्या दोघांना एक पुरे.

तुझी
ज्योत्सना